कळशाचा पाठ

पूल मागे पडला तरी भाचीचं बोलणं काही संपेना. बसवाल्यांचा संप होता आणि रिक्षावाल्यांनी त्या संपाचं सोनं करायचं ठरवलं होतं, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यातून दोघी पायीच निघाल्या होत्या. आत्याच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले. बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे दुकानांच्या पाट्या, सायकली, माणसं, सगळं तिला पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. भाचीचा दंड धरून ती पावलं टाकत होती आणि अधूनमधून "हूं" म्हणत होती.

भाची एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. कॉलेजने तिला दफ्तरखान्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जुने कागद कसे जपायचे, कसे लावायचे, मागायला आलेल्याला कसे काढून द्यायचे, हे शिकवणारा तो वर्ग. त्याच दफ्तरखान्यात आत्याची सगळी नोकरी गेली. भाचीच्या आठवणीतली आत्या तिथल्या वाचनकक्षाच्या दारात बसायची, लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायची आणि त्यांना पत्र्याचा बिल्ला द्यायची. लहानपणी भाचीला ते फार मोठं काम वाटायचं, कारण आत्याने मान हलवली की भारदस्त मिशांचे प्रोफेसरसुद्धा मुकाट्याने छत्री बाहेर ठेवायचे.

"आणि आज काय झालं, ऐक ना," भाची म्हणाली. "मॅडम वर्गात आल्या त्या चेहरा पाडूनच. म्हणाल्या, एक गठ्ठा जागेवर नाही, वाचक बाहेर खोळंबलाय, शोधा. आमची जी धावपळ उडाली! एकजण तर टेबलाखाली शिरला. शोधून शोधून थकलो. मग मॅडम हसल्या. म्हणाल्या, गठ्ठ्याला पाय नसतात, दमलेल्या माणसाला असतात. संध्याकाळी पाय दुखत असताना तो हा गठ्ठा कुठे टेकवेल, तिथे बघा. आणि खरंच गं! खालच्या फळीवर, दुसऱ्या गठ्ठ्याच्या मागे. मॅडमनीच लपवलेला! याला म्हणे त्या 'कळसा' म्हणतात. काखेत कळसा, गावाला वळसा. तरुणपणी त्यांनीच सुरू केला हा पाठ. मधे काही वर्षं बंद होता, आता पुन्हा..."

दंडावरचा हात सुटला.

भाची वळून बघते तर आत्या मागेच थांबलेली. शिंप्याच्या एका बंद दुकानासमोर, शटरवर तळवा टेकून.

"काय झालं? ठेच लागली का?"

"कळसा कोण म्हणालं?"

"मॅडम म्हणाल्या. सांगतेय काय मगाचपासून!"

"सुई म्हणाली?"

"कसली सुई?"

आत्या दुकानाच्या पायरीवर बसली. पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. थेंबांनी डोळे तसेही सकाळपासून वाहत होते, त्यामुळे भाचीने तिकडे लक्ष दिलं नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने पुढे केली, ती आत्याने घेतली नाही.

"सुई म्हणजे तुमच्या मॅडम," आत्या म्हणाली. "आणि दोरा म्हणजे मी. वर्गातली पोरं म्हणायची आम्हाला, सुई-दोरा."

"वर्गातली? तू तर बिल्ले द्यायचीस."

यावर आत्या हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "हो बाई. बिल्लेच द्यायची."

घरात हे कधी बोललं गेलं नव्हतं. घरच्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की आत्याची आतल्या आत बदली झाली. बदली कुणाची होत नाही? आत्याने कधी जास्त सांगितलं नाही आणि कुणी खोदून विचारलंही नाही. आता शिंप्याच्या पायरीवर तोंड उघडलं, ते पुढे पुन्हा चालायला लागल्यावरही मिटलं नाही.

ती दफ्तरखान्यात लागली ती दुरुस्तीखोलीत. शाळा नुकती संपलेली, वडील गेलेले, पाठचा भाऊ लहान. फाटक्या कागदाला पातळ कागदाचं अस्तर खळीने चिकटवायचं, वरून हलका ब्रश फिरवायचा, दोन फळ्यांमधे दाबून वाळवायचं. आत्याच्या हाताला वळण होतं. तिची खळ कधी गुठळली नाही आणि कधी पाणचट झाली नाही. वरच्यांच्या ते डोळ्यात भरलं आणि त्यांनी तिला प्रशिक्षणाच्या वर्गाला बसवलं. तिथे बाकावर शेजारी जी मुलगी येऊन बसली ती सुई. आत्याहून तीन-चार वर्षांनी लहान, अंगाने काटकुळी, जिभेला धार, आणि डोकं असं की शिकवणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा प्रश्न तयार. आत्याला प्रश्न सुचायचे ते घरी भांडी घासताना. दुसऱ्या दिवशी ती ते सुईला सांगायची, सुई ते वर्गात विचारायची आणि शाबासकी घेऊन खाली बसायची. आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं, झालं.

"तेव्हाच ओळखायला हवं होतंस," भाची म्हणाली.

"तू ओळखलं असतंस?" आत्या म्हणाली. "मैत्रिणीला एक प्रश्न दिला म्हणून कुणी दाराला कडी लावत नाही."

वर्ग संपला आणि तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी दोघींनाही शिकवायला ठेवून घेतलं. हे साहेब सदा हसायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे हसरे साहेब म्हणत. सुईकडे सूची, नियम, कायदा. आत्याकडे हाताचं काम आणि मांडण्या. एक पुढे घुसायची, दुसरी मागून टाका पक्का करायची, म्हणून पोरांनी नाव पाडलं ते सुई-दोरा. डबा एकत्र, चहा एकत्र, एकीच्या चपला तुटल्या तर तिने दुसरीच्या घालायच्या. सुईच्या सासूशी दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा बोलायला आत्या गेली होती. आत्याची आई गेली तेव्हा घरी आल्या-गेल्याचं बघायला सुई पदर खोचून उभी होती. हे सगळं खरं होतं. आत्या चालता चालता थांबून म्हणाली, "हे खोटं नव्हतं हं. तू लगेच ते खोटं ठरवू नकोस."

कळसा निघाला तो एका रडक्या शिकाऊ मुलीमुळे. तिच्या हातून एक गठ्ठा कुठेतरी ठेवला गेला आणि सापडेना. सगळा वर्ग मांडण्या उपसत होता, मुलगी हुंदके देत होती. आत्याने तिला हाताला धरलं. "रडू नकोस. काल संध्याकाळी कशी गेलीस ते चालून दाखव." मुलगी चालायला लागली. जिन्याच्या वळणावर तिचा पाय आपोआप अडला, कारण आदल्या दिवशी तिथे तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. चपलेकडे बघायला तिने हातातला गठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला. तिथेच होता तो, पडद्याआड.

त्या संध्याकाळी ब्रश धुता धुता आत्या सुईला म्हणाली, "ही रडून शिकली. न रडवता शिकवता येईल का गं? आपणच लपवला एखादा तर?"

सुईने ओल्या हातांनी टाळी दिली. नावही आत्यानेच ठेवलं. तिच्या आईच्या तोंडी ती म्हण कायम असायची.

मग त्याचे नियम ठरले. दमलेला माणूस ठेवेल अशाच जागी लपवायचा. इमारतीबाहेर न्यायचा नाही, कागद मुडपेल असा कोंबायचा नाही. एकीने लपवायचा आणि जागा दुसरीला सांगायची, म्हणजे एक आजारी पडली तरी गठ्ठा दुसरीला ठाऊक. आणि हे कुठेही लिहायचं नाही. शिकाऊ पोरं म्हणजे मांजराची जात, लिहिलेलं आधी हुंगून काढतील. हसऱ्या साहेबांना विचारलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "लपवा, लपवा! मला तेवढी जागा सांगू नका, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही." परवानगी म्हणायची तर एवढीच.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, हे या दोघी रोज उठून दुसऱ्यांना शिकवणार. आणि स्वतःचा सगळ्यात लाडका पाठ मात्र वाऱ्यावर ठेवणार. दुसरं कुठलं ऑफिस असतं तर कुणीतरी एखादी चिठ्ठी खरडून ठेवली असती. पण कागद कसे हुडकतात हे पुरतं माहीत असलेल्या माणसांनाच कागदाची भीती वाटली.

हसरे साहेब निवृत्त झाले आणि वर्ष उलटायच्या आत देवाघरी गेले. त्यांच्या जागी आले ते घड्याळसाहेब. कुणी बोलायला लागलं की मनगटाकडे बघायचे. आत्या म्हणायची, "यांना कळशाचं सांगून ठेवायला हवं." सुई म्हणायची, "सांगू गं. आधी पारा तर उतरू दे." तसे दिवस गेले. त्याच सुमारास प्रशिक्षणाला एक प्रमुख नेमायचं वरून ठरलं. दोघींपैकी एक होणार हे भिंतींनासुद्धा कळलं होतं. आत्याला मनापासून वाटायचं की सुईच व्हावी. सभांना जाणं, साहेबांशी बोलणं, इंग्रजी पत्रं, ही सगळी तिचीच कामं. हे तिने सुईला सांगितलंही होतं, डबा खाताना.

"तू सांगितलं होतंस?" भाचीने विचारलं.

"सांगितलं होतं. म्हणून तर अजून कळत नाही."

त्या वेळी आत्याने लपवायला जुन्या जमिनींच्या नकाशांचा गठ्ठा निवडला. इतका अडगळीतला की त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. दुरुस्तीखोलीत दाबायच्या फळ्यांखाली तिने तो सरकवला. दुरुस्तीला आणलेला गठ्ठा कंटाळलेला माणूस तिथेच टाकून घरी जातो. सुईच्या कानात जागा सांगितली. पाठ दुसऱ्या दिवशी सकाळचा. आणि घरी पोचते तर भाऊ पोट धरून लोळतोय.

"तुझा बाप," आत्या म्हणाली. "त्याचं अपेंडिक्स. माणसाने कधी दुखावं त्याला काही काळवेळ?"

दुसरा दिवस आत्याचा दवाखान्यात गेला. आणि त्याच सकाळी कोर्टाचा माणूस हुकूम घेऊन दफ्तरखान्यात हजर झाला. जमिनीचा दावा होता. हवा होता नेमका तोच गठ्ठा. असं का व्हावं, हे आत्याने पुढे देवाला पुष्कळ वेळा विचारलं. तिच्या आयुष्यात त्या गठ्ठ्याला कुणी मागणारं भेटलं नव्हतं, ते त्या एका दिवशी भेटलं.

घड्याळसाहेब स्वतः मांडणीपाशी गेले. जागा रिकामी. मजला धुंडाळला. सुईला बोलावून विचारलं. सुई म्हणाली, "मला काही कल्पना नाही, साहेब."

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आली, ती जागरणाने सुजलेले डोळे घेऊन. दारातच शिपायाने सगळं सांगितलं. ती तशीच पळत दुरुस्तीखोलीत गेली, फळ्या उचलल्या, गठ्ठा छातीशी धरून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. वर आनंदाने म्हणाली, "हा घ्या, साहेब. हरवला नव्हता. पाठासाठी मीच ठेवला होता."

"कसला पाठ?"

तिने सांगितलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सुईला बोलावणं पाठवलं. सुई दारातून आत आली तेव्हा आत्याला किती हायसं वाटलं, ते आत्ता रस्त्यात सांगतानासुद्धा तिच्या आवाजात ऐकू आलं. एका वाक्याचं तर काम होतं. होय साहेब, हा आमचा पाठ आहे. एवढंच.

सुईने गठ्ठ्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं नाही.

"पूर्वी कधीतरी करायचो आम्ही, साहेब. या वर्षी असा काही पाठ ठरलेला नाही."

आत्याला वाटलं, हिला प्रश्नच नीट ऐकू आला नाही. झोपेतल्या माणसाला हलवावं तशी ती म्हणाली, "अगं, कळसा! परवा तुला सांगितली ना जागा!"

सुई साहेबांना म्हणाली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाईंच्या घरी आजारपण आहे, साहेब. रात्रभर झोप नाही त्यांना. तुम्ही फार कडक होऊ नका."

केसाने गळा कापतात म्हणजे काय, हे आत्याला त्या मऊ आवाजाने शिकवलं.

पुढे फारसं काही झालं नाही, आणि तेच वाईट झालं. चौकशी बसली, पण सिद्ध काय करणार? गठ्ठा तर सापडला होता. दाव्यातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून बाईने तो दडवला असेल, अशी कुजबुज तेवढी उठली, आणि कुजबुजीला उत्तर द्यायला कुणी टेबल मांडून बसत नाही. जुनी शिकाऊ मुलं म्हणाली, हो, आमच्या वेळी होता असा पाठ. घड्याळसाहेब म्हणाले, तुमच्या वेळी असेल, या वेळचं सांगा. या वेळचं सांगू शकणारी एकच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. आत्याला वर्गावरून काढून वाचनकक्षाच्या दारात बसवलं. पिशव्या ठेवून घ्यायच्या. बिल्ला द्यायचा.

त्याच आठवड्यात सुई तिथे आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून आली. म्हणाली, "मी बोलले असते तर दोघी गेलो असतो. एक तरी आत राहिली. मला खुर्चीत नीट बसू दे, मी स्वतः साहेबांना सांगते. तोवर तू वर अर्ज-बिर्ज करू नकोस, उगाच चिघळेल. ठेव माझ्यावर विश्वास."

"आणि तू ठेवलास," भाची म्हणाली.

"ठेवला." आणि आत्याने पुढे म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दाखवणार?"

सुई प्रमुख झाली. पेढे वाटले, त्यातला एक काउंटरवरही आला, शिपायाच्या हाती. मग घड्याळसाहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही गेले. सुई रोज त्या दारावरून आत जायची. पहिल्यांदा मान हलवायची, नंतर घाई असल्यासारखी जायची, शेवटी खरंच घाईत असायची. आत्याच्या हातून शिकलेली मुलं मोठी होऊन यायची. काही "नमस्कार बाई" म्हणून पिशवी द्यायची, काही बिल्ल्यावरचा आकडा फार लक्ष देऊन वाचायची.

आत्या सकाळी देवापुढे बसायची तेव्हा दुसरं काही मागत नसे. ते वाक्य तिच्या तोंडून येऊ दे, एवढंच मागायची. पुढे पुढे तिला त्या मागण्याचीच लाज वाटायला लागली. देवाने काय काय ऐकायचं! मग ती उलट सुईच्या बाजूने बोलायला लागली. घाबरली बिचारी. तिच्याही घरी सासू, नवरा, वरून नोकरी. त्या क्षणी जीभ उचलली नाही, आणि नंतर दर दिवशी ते जास्तच अवघड होत गेलं. तिने कळसा बंद केला म्हणजे तिला ते टोचतंय. पुन्हा त्या पाठाला हात लावायची तिची छाती नाही. असं आत्या देवाला समजावून सांगायची, आणि रोज सांगून सांगून तिला स्वतःलाही ते पटलं होतं. या समजुतीवर तिने बिल्ले दिले, सेवानिवृत्तीचा हार घालून घेतला, आणि इतकी वर्षं काढली.

आणि आज कळसा पुन्हा सुरू होता.

शाळेच्या लांबलचक कुंपणाच्या कडेने दोघी चालल्या होत्या. आत भिंतीपलीकडे कुणीतरी घंटा दिली आणि पोरांचा कल्लोळ उठला. तो मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "मधे बंद होता म्हणाली ना? का बंद पडला, ते काय सांगितलं?"

भाचीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बोल. तोंडात काय मूग धरलेत?"

"जाऊ दे ना, आत्या."

"सांग म्हणते ना."

भाची रस्त्याकडे बघत म्हणाली, "म्हणाल्या, एका कर्मचारी बाईने त्याचा गैरफायदा घेतला. पाठाच्या नावाखाली खरंच एक गठ्ठा दडवला. म्हणून बंद करावा लागला." आणि मग घाईघाईने, "नाव नाही घेतलं. कुणाचंच नाही घेतलं."

आत्या चालत राहिली. आपल्याला नीट दिसत नाही हे ती विसरली होती. फुटपाथवरचा उचकटलेला दगड भाचीने तिला धरून चुकवला.

"हसली का मुलं?" आत्याने विचारलं.

"कशाला?"

"गठ्ठ्याला पाय नसतात, त्याला. दमलेल्या माणसाला असतात, त्याला."

"हो. खूप."

"माझ्याही वर्गात हसायची." आत्याने नाक ओढलं. "इतकी वर्षं मी देवाला सांगत आले, ती घाबरली म्हणून. देव काय म्हणत असेल? म्हणत असेल, ही बाई मला शिकवतेय. घाबरलेलं माणूस गप्प बसतं गं. किस्सा रंगवून सांगत नाही. काउंटरवर बसवलं त्याचं मला एवढं नव्हतं. पिशव्याही कुणीतरी सांभाळाव्या लागतातच. पण तिने माझा पाठ घेतला, आणि त्या पाठातला चोर म्हणून मलाच बसवलं."

भाचीचा चेहरा लाल झाला होता. "मी उद्या उभी राहते वर्गात. सगळ्यांसमोर विचारते. लाज कशी वाटत नाही!"

"आणि तुझ्या दाखल्यावर सही कोण करणार? तुझी आजी?"

"नको मला दाखला."

"नको कसा? कॉलेजने पाठवलंय. तू उभी राहशील, दोन वाक्यं बोलशील, तिसऱ्याला रडशील. ती म्हणेल, हिच्या घरी काहीतरी आजारपण आहे." आत्याने हे इतकं सुईसारखं म्हटलं की भाचीला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं.

पाण्याच्या टाकीपाशी दोघी वळल्या. इथून घर जवळ. भाची आता सावकाश बोलायला लागली, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक काम करून द्यायचं होतं. एखाद्या जुन्या कामगाराला भेटायचं, त्याची हकीकत त्याच्या तोंडून ऐकायची आणि लिहून द्यायची. ती दफ्तरखान्यात दाखल होते, कायमची. भाचीने कॉलेजच्या बाइंडरचं नाव दिलं होतं, पण ते बदलता येत होतं.

"तुझी लिहू?"

"माझी? त्यात काय लिहिणार?"

"मगाचपासून सांगते आहेस ते."

आत्याने विचारलं, "तपासणार कोण?"

"मॅडमच. पहिलं वाचन त्यांचंच."

"हूं."

"पण सांगणाऱ्याला अट घालता येते, आत्या. मॅडमनीच शिकवलंय. अमुक इतकी वर्षं कुणाला दाखवू नये, असं लिहून देता येतं. पाकीट बंद करून ठेवतात. आपण घालू अट. तुमच्या दोघींच्या मागे उघडू दे."

"आमच्या मागे कुणाला काय पडलंय?" आत्या म्हणाली. "मेल्यावर खरं ठरून मी काय करू? उघडी ठेव."

"त्यांनी फाडून टाकली तर?"

"फाडणार नाही. दाखल झालेला कागद ती फाडणार नाही. तेवढी ओळखते मी तिला." हे बोलून झाल्यावर तिला भाचीची नजर जाणवली असावी, कारण ती लगेच म्हणाली, "हो, हो. तेव्हाही ओळखतच होते. पण यातलं निदान काहीतरी खरं असू दे की."

दार आलं. भाचीने पिशवीत किल्ली चाचपायला सुरुवात केली. आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिने भाचीचं मनगट धरलं. वर्गात नवशिक्यांचा ब्रश धरलेला हात धरायची तसं.

"लिही," ती म्हणाली. "जसं घडलं त्या क्रमाने लिही, मागचं पुढे करू नकोस. ती हुशार होती हे लिही. माझ्या आईच्या वेळी ती उभी होती, तेही लिही. साहेबांना वेळेवर सांगितलं नाही ही दोघींची चूक, ती दोघींच्या नावावर टाक. मला देवी-बिवी करू नकोस. आणि सगळं लिहून झालं की शेवटी एक पान कोरं सोड. कोऱ्या पानालाही आकडा घालतात, शिकवलं ना तुम्हाला? तो विसरू नकोस. म्हणजे कुणी काढलं तर कळेल. तिला ते वाक्य लिहायचं असेल तर तिथे लिहू दे. माझं एवढं काम कर."